जड नळीची रायफल

कुसुमताई रामटेके मला पहिल्यांदा दिसली ती जमिनीवर पालथी पडलेली. तुमसरच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि हेडमास्तरांनी एका शिक्षिकेच्या खोलीत माझी सोय लावून दिली होती. ट्रंक घेऊन मी दार ढकललं, तर आत चटईवर तिशीच्या आतबाहेरची एक बाई कोपरं टेकून पडलेली. खांद्याला धान कांडायचं मुसळ लावलेलं, मुसळाच्या टोकाला दोरीनं वीट बांधलेली, गाल लाकडाला टेकलेला आणि डोळा समोरच्या भिंतीवरच्या खडूच्या ठिपक्यावर. मी काही विचारणार तोच ती मान न हलवता म्हणाली, "दार लाव व माय. उजेड हालून राह्यला."

मी दार लावलं आणि ट्रंकेवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मुसळ खाली ठेवलं, हात झटकले आणि जणू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाली, "मी कुसुम. पीटी शिकवतो. चहा पिशीन?"

ती साकोलीकडच्या एकोडीची. वडील गवंडी. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा त्यांचं बोट धरून ती गर्दीत उभी होती. कॉलेजात गेल्यावर तिनं एनसीसीत नाव घातलं, ते बूट फुकट मिळतात म्हणून. तिथं रायफल हातात आली आणि मग सुटलीच नाही. मी एकदा विचारलं, की ताई, एवढं काय आवडतं त्यात? तर म्हणाली, "आमच्या घरच्या बायका जन्मभर उभ्या, नाहीतं वाकलेल्या. आडवं पडून करायचं हे एकच काम मले भेटलं. मी काहून सोडू?"

तिची एक गंमत होती. एरवी ती आमच्या झाडीपट्टीतलं साधं बोलायची, खोलीत आणि स्टाफरूममध्येही. पण राग आला, की एकदम पुस्तकातली मराठी सुरू. मुलींना ती "काय करून राह्यली व पोरी" म्हणाली, तर सगळं ठीक. "आपण हे काय करीत आहात?" असं म्हणाली, की मैदान चिडीचूप.

गावात त्या वेळी एक रायफल क्लब होता. साहेब लोक, ठेकेदार आणि त्यांचे भाचे-पुतणे असा त्याचा गोतावळा. आधाराला बाबूसाहेब. हे लाकडाचे आणि तेंदूपत्त्याचे मोठे ठेकेदार, आमच्या शाळेच्या संस्थेचे उपाध्यक्ष आणि क्लबचेही सर्वेसर्वा. कुसुमताई त्या क्लबातली एकटी बाई. रविवारी सगळ्यांचं झाल्यावर तिला क्लबची जुनी रायफल मिळायची. त्या रायफलीची नळी आतून इतकी झिजली होती, की नेम कितीही धरा, कागदावर गोळ्या गारांसारख्या विखुरायच्या. क्लबातले हसायचे. ती म्हणायची, "माहा हात नाही हालत. नळी म्हातारी झाली आहे. तिच्यासंगं मी काहून म्हातारी होऊ?"

म्हणून स्वतःची रायफल बनवून घ्यायचं तिनं ठरवलं. मोपेड घेण्यासाठी बाजूला टाकलेले पैसे होते. खेळाडू म्हणून परवान्यासाठी तिनं कलेक्टर कचेरीत अर्ज केला. ही बातमी बाबूसाहेबांपर्यंत गेली आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत ते स्वतः शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत तिला बोलावून चक्क खुर्ची दिली.

"रामटेकेबाई, आपल्या शाळेची बाई नेमबाजीत नाव काढते, याचा आम्हाला अभिमान आहे," बाबूसाहेब म्हणाले. "तुमची नवी रायफल ही क्लबकडून भेट. नागपूरला माझ्या ओळखीचा कारागीर आहे, त्याला मी सांगून ठेवलंय. तीनशे पंधराची घ्या. बावीसची काय घेता, ती पोरांची. परवाना तुमच्या नावाचा, रायफल मात्र क्लबच्या कपाटात राहील. तुम्हाला सांभाळायची कटकट नको."

ती खोलीवर आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते, ते मी विसरणार नाही. तीनशे पंधरा म्हणजे मोठ्या बोअरची, रुंद भोकाच्या नळीची, लांबच्या पल्ल्याची रायफल; बावीस म्हणजे बारीक भोकाची. मोठ्या बोअरच्या स्पर्धेत आमच्या भागातली एकही बाई तोवर उतरली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं मुसळाला आणखी एक वीट बांधली.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघी रेल्वेनं नागपूरला गेलो. कारागिराचं नाव युसूफभाई. एका बोळात त्यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीला टेकून उभ्या मोकळ्या नळ्या. म्हातारा गोडबोल्या होता. त्यानं कापडात गुंडाळलेली एक नळी काढून टेबलावर ठेवली. "बाबूसाहब का आर्डर है ना? तीन सौ पंद्रह. बाईस इंच में काट दूँगा, जीप में अड़ेगी नहीं. और नीचे टॉर्च की क्लिप भी लगा दूँगा, जैसा उन्होंने बोला."

कुसुमताई नळीवरून हात फिरवत होती. तो हात थांबला.

"टॉर्च कायले?"

युसूफभाई चिंधीनं टेबल पुसू लागले.

"चाचा, स्पर्धा दिवसा होते. उन्हात होते. तिथं टॉर्च कायले पाह्यजे?"

"बेटी," म्हातारा हळूच म्हणाला, "मैं तो नली बिठाता हूँ."

शिकारबंदीचा कायदा होऊन फार वर्षं झाली नव्हती. नाकाडोंगरीच्या जंगलात बाबूसाहेबांची जीप चितळासकट पकडली गेली होती आणि त्यांची स्वतःची रायफल तेव्हापासून पोलीस ठाण्यात जमा होती. हे तुमसरात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हालाही होतं. पण भेट म्हणून काही समोर आलं, की माणूस ठाऊक असलेलं विसरतो. रायफल कुसुमताईच्या नावाची, कपाट त्यांचं, जीप त्यांची, आणि पकडली गेली तर गुन्हेगार शाळेतली बाई.

ती स्टुलावर बसली. मला वाटलं, रडेल. ती एकदम शुद्ध मराठीत म्हणाली, "युसूफभाई, ही नळी आत ठेवा. मला बावीस बोअरच्या नळ्या दाखवा. पैसे मी देणार आहे."

म्हाताऱ्यानं दोन नळ्या आणल्या. एक सडपातळ, चकचकीत. दुसरी पार मागच्या फळीवरून काढली. काळी, जाड, अठ्ठावीस इंच लांब. कोणा रेल्वेच्या साहेबानं विलायतेहून मागवली होती, तो ती न घेताच बदलून गेला, आणि नळी तशीच पडून होती. युसूफभाईंनी पातळ नळी पुढे सरकवली. "बहनजी, आपके लिए ये ठीक है. हल्की है. वो दूसरी तो लोहे का खंभा है, कंधा उतर जाएगा."

"हलकं मले आजवर कोणी काही देल्लंच नाही, चाचा," ती म्हणाली. तिची बोली परत आली होती, म्हणजे राग उतरला होता. "आता रायफलच कायले हलकी पाह्यजे?"

मग तिनं जे केलं ते पाहत मी तासभर उभी होते. तिनं दोन्ही नळ्या आळीपाळीनं दाराच्या उजेडाकडे धरल्या आणि आत पाहिलं. मलाही दाखवलं. आतल्या भिंतीवर पिळाच्या खाचा दूरपर्यंत गेल्या होत्या. त्या खाचा गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते, असं तिनं सांगितलं. मग मऊ शिशाची तेल लावलेली गोळी नळीत घालून युसूफभाईंनी गज तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून गज ढकलू लागली. पातळ नळीत गोळी अर्ध्यावर गेली आणि खड्ड्यात पाय पडावा तशी सैल झाली. "इथं आतून खाल्ली आहे," ती म्हणाली. जाड नळीत गोळी सुरुवातीपासून सारख्या घट्टपणानं सरकत गेली, फक्त अगदी तोंडाशी ढिली पडली.

"मुँह घिसा है, इतने साल दुकान में साफ करते-करते," युसूफभाई म्हणाले. "एक इंच काटना पड़ेगा."

"काटा. सत्तावीस मले पुरते."

"मगर तीन सौ पंद्रह छोड़ रहे हो बेटी. सोच लो. लोग बोलेंगे चिड़िया मारने की बंदूक है."

तिनं खरंच विचार केला. मोठ्या बोअरची ओढ तिला होती, आणि स्वतःच्या पैशानं लांब नळीची तीनशे पंधरा करून घेता आली असती. पण म्हणाली, "चाचा, मोठ्या बोअरची गोळी महाग. वर्षभरात मूठभर चालवीन अन् बाकी दिवस पुसत बशीन. बावीसची मी रोज चालवीन. अन् दुसरं असं, की मोठी घरात असली, तं आज नाही उद्या कोणी मागाले येईन. ही कोणीच मागणार नाही." म्हाताऱ्यानं आधी तिच्याकडे, मग नळीकडे पाहिलं आणि म्हणाला, "क्लिप का पैसा बच गया तुम्हारा."

तिच्या अर्जात बाबूसाहेबांच्या माणसानं कचेरीत परस्पर बोअर तीनशे पंधरा लिहून ठेवला होता. तो तिनं भंडाऱ्याला जाऊन बदलून घेतला. कचेरीतला बाबू म्हणाला, की बाई, लोक लहान सोडून मोठा मागतात, तुम्ही उलट? ती म्हणाली, "माही शाळा लहान पोरींची आहे."

रायफल तयार होऊन आली तेव्हा बाबूसाहेब पुन्हा शाळेत आले. या वेळी खुर्ची नव्हती. स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हे काय खेळणं आणलंत बाई? चिमण्या मारणार का?"

ती उभी राहिली. "साहेब, या नळीने सांबर पडत नाही. ती इतकी लांब आहे की जीपमधून बाहेर काढता येत नाही. आणि टॉर्चची क्लिप मी लावून घेतलेली नाही."

हेडमास्तर खडूचा डबा उघडून आत पाहू लागले. बाबूसाहेब हसले, छडी टेकत बाहेर गेले, आणि त्याच आठवड्यात क्लबात बायकांचा सराव सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाला.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला एकोडीला घेऊन गेली. ठाण्यात कळवून, कोरड्या पडलेल्या बोडीत, मातीच्या उंच पाळीला कागद लावून ती सराव करायची. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मोहल्ल्यातल्या बाया मागच्या बाजूला पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. तिच्या आईनं पहिल्या दिवशी नळी निरखून पाहिली आणि विचारलं, "एवढी मोठी फुंकणी कायले व बाई? कोणाची चूल पेटवतं?" कुसुमताई इतकी हसली, की त्या दिवशी नेम लागलाच नाही.

नागपूरच्या स्पर्धेला क्लबनं तिचं नाव पाठवलं नाही. तिनं वैयक्तिक प्रवेश घेतला. मी बरोबर होते. क्लबची मंडळी जीप भरून आली होती. रायफलीची तपासणी चालू असताना त्यांच्यापैकी एकानं हरकत घेतली, की बायकांच्या गटात एवढ्या वजनाची रायफल चालत नाही. पंचांनी काट्यावर ठेवली. खरंच जास्त होती. पंच भला माणूस होता. तो म्हणाला, "सॉरी बाई, नियम आहे. दुसरी रायफल असेल तर पाहा."

"दुसरी नाही. पुरुषांच्या गटात हे वजन चालते का?"

"चालतं. पण..."

"मग मला त्या गटात घ्या."

"तिथं बायका नसतात."

"बायकांना मनाई आहे असं नियमात कुठे लिहिलं आहे, ते मला दाखवा." शुद्ध मराठी. मी मनात म्हटलं, संपलं.

त्यांनी पुस्तक चाळलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी पुरुषांच्या ओळीत, अगदी कडेच्या चटईवर, तिला जागा मिळाली. एनसीसीच्या जुन्या पँटमध्ये ती पालथी पडली. मागं कोणीतरी शिट्टी वाजवली. तिनं बोल्ट मागं ओढला, गोळी भरली, आणि मग तिच्या अंगातलं सगळं थांबलं. पाठ तेवढी श्वासानं हलायची आणि गोळी सुटण्याआधी तीही हलायची थांबायची. ती जाड नळी जागची ढळत नव्हती.

ती चौथी आली. पदक नाही, काही नाही. बायकांच्या गटात असती तर पहिली आली असती, असं पंच स्वतः येऊन सांगून गेला. मी हळहळले. ती चण्याची पुडी सोडत म्हणाली, "चौथी तं चौथी. माह्या मागं पाह्य, कोण कोण आहे. आख्खा क्लब आहे."

याचं फळ तिला महिन्याभरात मिळालं. संस्थेची एक लहान शाळा नाकाडोंगरीला होती. जंगलाच्या कडेला, दोन खोल्यांची. तिकडे तिची बदली झाली. ती कंटाळून राजीनामा देईल, असा सगळ्यांचा हिशेब होता. तिनं बिछाना बांधला, रायफलची पेटी घेतली आणि बसमध्ये बसली. माझं लग्न ठरलं होतं. मी गोंदियाला गेले, पण जाणं-येणं राहिलं, म्हणून पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं.

तिकडे ती रोज पहाटे पोरींना पळवायला नाल्यापर्यंत न्यायची. एका सकाळी नाल्याच्या वाळूत एक जीप रुतून बसली होती. मागं ताडपत्री, ताडपत्रीखालून सांबराचा पाय. पुढच्या सीटवर मफलर गुंडाळून बाबूसाहेब. ड्रायव्हर चाकाखाली फांद्या घालत होता. कुसुमताईची रायफल तेव्हा खोलीत पेटीत होती. हातात फक्त शिट्टी. तिनं दोन मोठ्या पोरींना फॉरेस्ट गार्डकडे पिटाळलं आणि जीपच्या समोर, अगदी बंपरला टेकून, वाळूत मांडी घालून बसली.

"हटा ना बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"काढतो तं माह्या अंगावरून काढ."

बाबूसाहेब खाली उतरले. "रामटेकेबाई, झालं गेलं सोडा. तुम्हाला सोमवारी तुमसरला परत आणतो."

"आभारी आहे. मला इथली हवा मानवली आहे."

उरलेल्या पोरी तिच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या. गार्ड आला, पंचनामा झाला. जीपमध्ये बंदूक मात्र सापडली नाही. ती आधीच कुठंतरी उतरवली होती. आणि मग बाबूसाहेबांच्या वकिलानं डाव टाकला. त्या भागात परवान्याची रायफल एकाच माणसाकडे आहे, ती म्हणजे या बाईकडे. सांबर बाईनंच मारलं आणि जुन्या वैरापोटी आमच्या गाडीत टाकलं. पोलिसांनी तिची रायफल तपासणीसाठी नेली. तिथले हेडमास्तर म्हणाले, निकाल लागेपर्यंत घरी बसा. ती रोज शाळेत जात राहिली, हजेरीवर सही करू देईनात तरी. पोरींना पळवत राहिली.

भंडाऱ्याच्या कोर्टात मी गेले होते. गुरांच्या डॉक्टरनं सांबराच्या खांद्यातून काढलेली गोळी पुडीत होती, तिची रायफल टेबलावर. वकील मोठमोठ्यानं बोलत होता. न्यायाधीशांनी तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. ती म्हणाली, "साहेब, ती गोळी माझ्या नळीच्या तोंडात घालून पाहावी."

कोर्टाच्या माणसानं गोळी नळीच्या तोंडावर ठेवली. ती आत जाईना. बाटलीवर मोठं बूच ठेवावं तशी वरच बसली. मागं कोणीतरी हसलं. वकील खाली बसला.

मला त्या क्षणी युसूफभाईंच्या टेबलावरची ती तीनशे पंधराची नळी आठवली. ती आज हिच्या नावावर असती, तर गोळी अलगद आत गेली असती.

बाबूसाहेबांना दंड झाला. तेवढंच. ते उपाध्यक्ष होते ते उपाध्यक्षच राहिले, कारण संस्थेत त्यांना ऊठ म्हणणारं कोणी नव्हतं. मी चिडले, तर ती म्हणाली, "तू कायले तापून राह्यली? त्याले भर कोर्टात उभं राहा लागलं. मी बसली होती."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे संस्थेत नवे लोक आले. त्यांनी तिला मानानं तुमसरला बोलावलं. ती गेली नाही. मी भेटायला गेले होते तेव्हा म्हणाली, "मले इथं शिक्षा म्हणून पाठवलं ना? मंग शिक्षा पुरी करू दे. अर्ध्यावर सोडली तं त्याईले वाटन, माफ केली." तोवर तिच्या हाताखालच्या तीन पोरी जिल्ह्याच्या संघात गेल्या होत्या. त्याच पावसाळ्यात जंगलातला तो वाईट हिवताप तिच्या डोक्यात चढला. भंडाऱ्याला नेईपर्यंत शुद्ध गेली होती, ती परत आलीच नाही.

तिला एकोडीला आणलं. मी पोहोचले तेव्हा अंगणात त्रिशरण चाललं होतं. नाकाडोंगरीच्या पोरी, आता बऱ्याच जणी साडीतल्या, एका बाजूला उभ्या होत्या. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. बाबूसाहेब स्वतः आले नव्हते. त्यांचा माणूस मोठा पांढऱ्या फुलांचा हार घेऊन आला, आणि गर्दीनं सवयीनं त्याला वाट दिली. तो हार प्रेताजवळ नेऊ लागला, तेव्हा कुसुमताईची आई भिंतीला धरून उठली. सत्तरी ओलांडलेली बाई, नीट उभंही राहता येत नव्हतं. तिनं हात आडवा केला.

"कोणाचा आहे हार?"

त्यानं नाव सांगितलं.

"घेऊन जा बापू," ती म्हणाली. "तिनं जित्तेपणी त्याच्या हातचं काही घेतलं नाही. मी कोण घेणारी?"

तो माणूस हार धरून तसाच उभा राहिला. कोणी त्याला रागावलं नाही, कोणी समजावलंही नाही. मग तो वळला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तोवर नाकाडोंगरीच्या पोरींनी पदर खोचून खांदा दिला होता.